मनूचं चौथं वर्ष

हॅनोवर, रविवार

ती. बाबा व ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा तुम्ही म्हणालात, "तीन वर्षांत पदवी मिळतेय तर चौथं वर्ष कशाला? उगाच वर्ष वाढवून ठेवलंय." मागून मनू काहीतरी ओरडली. शब्द कळले नाहीत, सूर कळला. आपण तिघं एकदम बोलतो आणि कोणाचंच कोणाला ऐकू जात नाही, म्हणून आज सरळ लिहायला बसलो.

आधी हिशेब, कारण भांडण हिशेबावरूनच चाललंय. नव्या शैक्षणिक धोरणात चौथं वर्ष आलं, तरी मनूची तीन वर्षांची बी.एस्सी. कुठेही गेलेली नाही. १२० क्रेडिट, म्हणजे अभ्यास मोजायची एककं, झाले की पदवी हातात. आणखी एक वर्ष करून १६० केले तर तीच पदवी 'ऑनर्स' होते. पण तीन वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला एम.एस्सी. दोन वर्षांची, आणि चार वर्षं करणाऱ्याला एकाच वर्षाची. तीन अधिक दोन पाच, चार अधिक एक पाच. एम.एस्सी. करायचीच असेल तर एक दिवसही वाढत नाही. पदवी घेऊन एमपीएससीला बसायचं असेल तरी काही बदललेलं नाही, तिथे तीन वर्षांची पदवी पुरते. वर्ष वाढतं ते फक्त चौथं करून तिथेच थांबणाऱ्याचं. बाबा, तुमचा सगळा राग या तिसऱ्या प्रकारावर आहे आणि मनू त्यात बसतच नाही. तिला एम.एस्सी. करायची आहे हे ती दहावीपासून सांगतेय.

आणि चार वर्षांचं कॉलेज आपल्या घराला नवीन थोडंच आहे? आजोबा अकरावीला मॅट्रिक झाले, मग पहिलं वर्ष, इंटर, ज्युनिअर बी.ए., सीनिअर बी.ए. अकरा अधिक चार, पंधरा. सत्तरच्या दशकात दहा-दोन-तीन आलं, त्याचीही बेरीज पंधराच. आजोबा म्हणायचे ना, "आमचं कॉलेजचं पहिलं वर्ष तुमच्या बारावीत गेलं." हाँगकाँगने २०१२ साली याच्या नेमकं उलट केलं. शाळेचं एक वर्ष कमी करून पदवी तीनाची चार वर्षांची केली. त्या वर्षी जुन्या आणि नव्या पद्धतीच्या दोन तुकड्या एकदम विद्यापीठांत शिरल्या. वर्गखोल्यांचं काय झालं असेल देव जाणे, पण बेरीज तीच राहिली. दिल्ली विद्यापीठाने मात्र २०१३ मध्ये तीन वर्षांत मिळणारं ऑनर्स चारवर नेलं. पोरं आणि प्राध्यापक दोघंही रस्त्यावर उतरले, आणि वर्षभरात सगळं गुंडाळावं लागलं. तेव्हा तुम्ही चिडलात त्यात नवल नाही, पण आत्ताचं प्रकरण तसं नाही, तीन वर्षांची पदवी जागेवर आहे.

आता इथली, जर्मनीतली गोष्ट. मनूने विचारलं होतं, "दादा, तिकडे तीन वर्षांचे १८० क्रेडिट आणि आमचे १२०च, म्हणजे आम्ही कमी शिकतो का?" नाही गं. मोजायची फूटपट्टी वेगळी आहे. तुमच्याकडे एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. प्रात्यक्षिक असेल तर ३०. इथे एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांची विद्यार्थ्याची एकूण मेहनत. त्यात व्याख्यान आलं, घरचा अभ्यास आला, ग्रंथालयात बसून खिडकीबाहेर बघणंही आलं असावं. आकड्याला आकडा लावून बघू नकोस.

गंमत म्हणजे जर्मनीने उलटी वाट धरली. पूर्वी इथे 'डिप्लोम' नावाची लांबलचक पदवी असे, कागदावर साधारण नऊ-दहा सेमिस्टरची. १९९९ मध्ये युरोपातल्या २९ देशांनी इटलीतल्या बोलोन्यात सह्या केल्या आणि तीन वर्षं पदवी अधिक दोन वर्षं मास्टर्स असा साचा आला. अभ्यास मात्र फारसा कमी झाला नाही, तोच तीन वर्षांत कोंबला, अशी पोरांची तक्रार. २००९ मध्ये त्यावरून मोठे संप झाले, पोरं व्याख्यानगृहं अडवून बसली होती. आजही इथे पदवीला दोन लांबी असतात. एक नियमात लिहिलेली, आणि एक खरी. नियमातली ओलांडली म्हणून कोणी तोंड लपवत नाही. मी शिकत होतो तेव्हा फार वर्षं रेंगाळणाऱ्याकडून आमच्या राज्यात दर सेमिस्टरला ५०० युरो जादा मागायचे, एवढंच.

हे मला कसं माहीत, तर आता एक कबुली देतो. तुम्हाला सांगितलं होतं की माझ्या मास्टर्सला 'प्रबंधाचं काम वाढल्यामुळे' उशीर झाला. काम वाढलं नव्हतं, मी वाढवलं होतं. विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट मोजायचं होतं. हिवाळाभर हिंडून बाटल्या भरल्या, प्रत्येकीवर विहिरीचा क्रमांक आणि तारीख लिहिली, आणि शेवटच्या खेपेच्या बाटल्या फ्रीझरमध्ये ठेवायच्या त्या टेबलावरच विसरून सुट्टीवर गेलो. परत आलो तोवर जंतूंनी नायट्रेटचा फडशा पाडला होता. आकडे असे आले की मार्गदर्शक बाईंनी कागद बघितला, चष्मा काढला, पुसला आणि परत बघितला. म्हणाल्या, "पुढच्या हिवाळ्यात पुन्हा." झालं. चार सेमिस्टरचं शिक्षण सहावर गेलं. दर सहा महिन्यांनी येणाऱ्या नोंदणीच्या कागदावर सेमिस्टरचा क्रमांक छापलेला असतो. तिथे ५ आला तेव्हा मी तो कागद घडी घालून वहीत ठेवून दिला. ६ आला तेव्हा सरळ भिंतीला टाचणीने लावला.

पण त्या दुसऱ्या हिवाळ्यात मी जे शिकलो ते पहिल्या चार सेमिस्टरमध्ये शिकलो नव्हतो. कोणती विहीर खोटं बोलतेय हे आकड्यांवरून ओळखता यायला लागलं.

म्हणून चौथ्या वर्षाबद्दल माझं मत असं, की वर्षात काय आहे ते बघा, वर्ष मोजू नका. मनूच्या चौथ्या वर्षाचे दोन प्रकार आहेत. नुसतं ऑनर्स म्हणजे आणखी काही पेपर. 'ऑनर्स विथ रिसर्च' म्हणजे त्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प, आणि त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. चारही वर्षं मिळून ७५ टक्के टिकले तर पुढे एम.एस्सी. न करता थेट पीएच.डी.लाही अर्ज करता येतो. पहिला प्रकारच मिळणार असेल तर बाबा, मी तुमच्या बाजूने. तेच कॉलेज, तेच प्राध्यापक, आणखी आठ-दहा पेपर, त्यापेक्षा तीन वर्षांची पदवी घ्यावी आणि चांगल्या विभागात दोन वर्षांची एम.एस्सी. करावी. दुसरा प्रकार मिळत असेल तर मी मनूच्या बाजूने, आणि जोरात. प्रयोग फसण्याचा अनुभव विसाव्या वर्षी मिळालेला बरा. मला पंचविसाव्या वर्षी, तोही परदेशात मिळाला.

एक गोष्ट राहिली, ती मला आवडत नाही पण सांगतो. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने माझा अर्ज उघडूनही बघितला नाही, कारण शाळा-कॉलेज मिळून माझी १५ वर्षं आणि त्यांना १६ हवी होती. इथे घेतलं, पण आधी काही जादा विषय पूर्ण करायची अट घालून. ज्यांना बाहेर जायचं आहे ते या एका कारणासाठी चौथं वर्ष करतील. मनूने नुसत्या त्या कारणासाठी करू नये असं मला वाटतं, पण दार बंद झालेलं मी पाहिलंय, म्हणून लपवत नाही.

बाबा, तुम्ही तिच्या कॉलेजात एकदा जाल का? प्राचार्यांकडे नको, ते माहितीपुस्तिका देतील. तिच्या विभागात जा आणि विचारा, पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक किती, त्यांच्याकडे आत्ता विद्यार्थी किती, आणि प्रयोगशाळा संध्याकाळी किती वाजता बंद होते. तिसरा प्रश्न विसरू नका. साडेपाचला कुलूप लागत असेल तर तिथे संशोधन होत नाही.

आई, तू या भांडणात पडली नाहीस हे फार बरं केलंस. तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते मात्र कोणीच सांगत नाही, पुढच्या फोनला आधी तेच.

तुमचा,
दिनू

ता. क. मनू, पाचही सत्रांच्या गुणपत्रिकांचे फोटो पाठव. सगळ्या पाठव, फक्त चांगल्या नकोत. आणि एफ.वाय., एस.वाय., टी.वाय. झालं, आता चौथ्या वर्षाला तुमच्यात काय म्हणतात तेही लिही.