मा. उच्च व तंत्र शिक्षण मंत्री यांना खुले पत्र : ग्रंथालयात असलेले मराठी पुस्तक वाचकाला सापडू द्या

प्रति,
मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्र शिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

पुण्यातील एका महाविद्यालयात मी गेली एकवीस वर्षे इतिहास शिकवते. विद्यापीठांच्या ग्रंथालयांत मराठी पुस्तक शोधताना आणि ते घरी नेण्यासाठी मागताना विद्यार्थ्यांची जी अडवणूक होते, ती आपल्यापुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ही अडवणूक कोणी मुद्दाम करत नाही. ती नोंदींच्या पद्धतीत आणि देवघेवीच्या नियमांत मुरलेली आहे, आणि ती दूर करण्यासाठी लागणारे अधिकार आपल्या विभागाकडे आहेत.

गेल्या पावसाळ्यात माझी एक विद्यार्थिनी भोर तालुक्यातील आपल्या गावाहून सकाळच्या एसटीने स्वारगेटला उतरली आणि तेथून पीएमपीच्या बसने शहरातील एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेली. पुण्यात विद्यापीठे अनेक आहेत आणि हा दोष एकट्या कोणाचा नाही, म्हणून नाव घेत नाही. तिला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी संपादित केलेल्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेतील एक खंड हवा होता. पहिला खंड १८९८ साली निघालेल्या आणि एकूण २२ खंडांच्या या मालेशिवाय मराठेशाहीवर काम करणाऱ्याचे पान हलत नाही. ग्रंथालयातील संगणकावर, म्हणजे ज्याला तिथे सगळे ओपॅक म्हणतात त्यावर, तिने देवनागरीत पूर्ण नाव लिहिले, तेव्हा शून्य नोंदी आल्या. मग मोबाइलवर आपण जसे मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितो, तसे लिहून पाहिले, तरीही शून्य. संपादकाच्या आडनावाने शोधल्यावर त्यांच्याविषयीची दोन-तीन पुस्तके दिसली, पण हवी होती ती माला दिसली नाही. संध्याकाळच्या गाडीने ती परत गेली आणि दुसऱ्या दिवशी मला फोनवर म्हणाली, "मॅडम, ती माला तिथे नाहीच आहे."

मला ते पटले नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात मी स्वतः तिच्यासोबत गेले. देवघेव विभागात बसलेल्या एका वयस्क ग्रंथालय परिचरांना विचारले, तेव्हा संगणकाकडे न पाहता ते उठले, दोन रॅक ओलांडून डावीकडे वळले आणि खालच्या फळीवर सरळ हात ठेवला. सगळेच नव्हते, पण बरेचसे खंड तिथे ओळीने उभे होते. आम्ही दाखल क्रमांक, म्हणजे पुस्तक ग्रंथालयात आल्यावर त्यावर पडणारा क्रमांक, टिपून घेतला आणि त्यावरून संगणकातील नोंद काढायला सांगितली. तिथे शीर्षक रोमन लिपीत होते. 'मराठ्यांच्या'मधला अनुस्वार 'एम' या अक्षराने आणि 'च' नुसत्या 'सी'ने लिहिलेला होता. लिप्यंतराच्या अभ्यासकी पद्धतीत अक्षरांच्या वर-खाली खुणा असतात, त्या खुणा गाळून टाकल्यावर जे उरते, ते या नोंदीत राहिले होते. 'च'साठी 'सीएच' लिहिणाऱ्या कोणत्याही मराठी माणसाला ते शीर्षक टंकित करण्याची बुद्धी होणार नाही. त्यातच सगळे खंड एकाच नोंदीखाली घातलेले होते, त्यामुळे कोणता आहे, कोणता गहाळ आहे आणि कोणता कोणी नेला आहे, हे फळीपाशी उभे राहिल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता.

ते परिचर लवकरच निवृत्त होत आहेत.

महोदय, हे असे का झाले, याची कारणे नीट समजून घेण्यासारखी आहेत, कारण उपायही त्यांतूनच निघतो. लाकडी कपाटांतील तालिका कार्डांवर मराठी पुस्तकांची नोंद ग्रंथपालांनी हाताने, सुवाच्य देवनागरीत केलेली असे. संगणक आले तेव्हा बऱ्याच ग्रंथालयांच्या प्रणालींना देवनागरी धड पेलत नव्हती. जिथे ती होती तिथे प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा होता आणि एका संगणकावरचा मजकूर दुसऱ्यावर उघडला की अगम्य चिन्हे दिसत. म्हणून रोमन लिपीचा आधार घेतला गेला, आणि त्या काळी तो निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. पुढे संगणकीकरणाची कामे अनेक ठिकाणी कंत्राटाने, नोंदीमागे ठरावीक दराने दिली गेली. ज्ञानेश्वरीचा 'ज्ञ' एकाने 'डीएन'ने, दुसऱ्याने 'जेएन'ने आणि तिसऱ्याने 'जीवाय'ने लिहिला, आणि एकाच ग्रंथाच्या तीन आवृत्त्या तीन ठिकाणी विखुरल्या. कार्डांची कपाटे मग जागा अडवतात म्हणून गोदामात गेली. ज्या दाराने वाचक आत येत होता ते दार बंद झाले, आणि नव्या दाराची किल्ली बहुतेकांना लागत नाही.

आज मात्र रोमनचा आश्रय घ्यायला कोणतेही तांत्रिक कारण उरलेले नाही. युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या सामायिक संकेतप्रणालीमुळे देवनागरी कोणत्याही संगणकावर एकसारखी उमटते. २००० सालापासून सर्वांना मोफत उपलब्ध असलेली कोहा ही ग्रंथालय प्रणाली युनिकोडवर चालते. ग्रंथालयांच्या नोंदी ज्या 'मार्क २१' या आंतरराष्ट्रीय साच्यात ठेवल्या जातात, त्यात ८८० क्रमांकाचे एक खास क्षेत्र आहे आणि ते शीर्षक, लेखक, प्रकाशक हे सारे दुसऱ्या लिपीत लिहिण्यासाठीच आहे. म्हणजे असलेली रोमन नोंद पुसण्याची गरज नाही. तिच्या शेजारी देवनागरी नोंद भरली की दोन्ही वाटांनी पुस्तक सापडते. आणि ही गोष्ट पुण्यात सांगावी लागते, याचे मला विशेष वाईट वाटते. १९८८ साली याच शहरात सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेची स्थापना झाली, भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे पायाभूत काम याच शहरात वाढले, आणि त्याच शहरातील ग्रंथालयांत मराठी ग्रंथांची नावे अजून परक्या लिपीत अडकून पडली आहेत.

नुसती देवनागरी भरूनही सगळे भागणार नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांवर 'साधनें', 'पुणें', 'वर्णनें' असे छापलेले आहे आणि आजचा विद्यार्थी ते अनुस्वाराशिवाय शोधणार. 'दुसऱ्या' किंवा 'कादंबऱ्या' या शब्दांतला अर्धा 'र' संगणकात दोन रीतींनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण तशी सूचना दिलेली नसेल तर शोधयंत्रणा त्यांना वेगवेगळे शब्द मानते. या अडचणी मराठी जाणणाऱ्या ग्रंथपालाने आणि संगणकतज्ज्ञाने एकत्र बसून सोडवण्याच्या आहेत. त्या परदेशातून कोणी येऊन सोडवणार नाही, कारण तिथे कोणाला त्या दिसणारच नाहीत.

आता पुस्तक मिळवण्याविषयी. त्या दिवशी खंड हाती आला, पण माझ्या विद्यार्थिनीला तो घरी नेता आला नाही. ती त्या विद्यापीठाच्या परिसरातील विभागात शिकत नाही, महाविद्यालयात शिकते, म्हणून तिला फक्त वाचनकक्षात बसून वाचण्याची मुभा होती. कागद ठिसूळ झाल्यामुळे छायाप्रत काढायला मनाई होती, आणि ती मनाई योग्यच आहे. शेवटच्या गाडीचा हिशेब धरून तिच्या हाती जेमतेम साडेतीन तास उरले. तेवढ्यात तिने पेन्सिलीने अकरा पत्रे उतरवून घेतली. परिसरात शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या ग्रंथालय कार्डावर पुस्तके घरी जातात, आणि ज्याला रोज येणे शक्य नाही, ज्याच्या गावात दुसरे ग्रंथालय नाही, त्यालाच ते तिथे बसून वाचावे लागते. नियम करताना असा हेतू कोणाच्या मनात नसेल, पण परिणाम हाच आहे. परत न आलेल्या पुस्तकांची काळजी ग्रंथपालांना असते, हे मी जाणते. त्यासाठी अनामत घ्यावी, महाविद्यालयाच्या प्राचार्यांची हमी घ्यावी, शेवटी थकबाकी नसल्याच्या दाखल्याशिवाय पदवी देऊ नये. हे सारे उपाय आजही वापरात आहेत, फक्त ते महाविद्यालयातील विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवायचे आहेत.

राजवाड्यांच्या खंडांसारख्या जुन्या, नाजूक ग्रंथांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर अधिक सोपे आहे. आपल्याकडील कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या ग्रंथावरील स्वामित्वहक्क संपतो. राजवाडे १९२६ साली निवर्तले. एकोणिसाव्या शतकातील आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या बहुतांश मराठी ग्रंथांची स्थिती हीच आहे. त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती वाचकांना खुल्या करण्यात कायद्याची आडकाठी नाही. काही संस्थांनी आणि व्यक्तींनी असे ग्रंथ आपापल्या परीने स्कॅन करून ठेवलेही आहेत, पण ग्रंथालयाच्या तालिकेतील नोंदीपाशी त्याचा दुवा दिलेला नसतो. त्यामुळे फळीवरचा ग्रंथ आणि पडद्यावरचा ग्रंथ एकमेकांना ओळखत नाहीत, आणि तोच ग्रंथ पुन्हा पुन्हा यंत्राखाली घातला जातो.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च शिक्षण संस्थांना संशोधन नियतकालिके खुली करणारी 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आणि सुमारे १३,००० नियतकालिके अशी तिची व्याप्ती आहे, आणि मी तिचे मनापासून स्वागत करते. माझ्या विज्ञान शाखेतील सहकाऱ्यांना जे लेख पूर्वी ओळखीपाळखीने मागून घ्यावे लागत, ते आता थेट मिळण्याची सोय झाली आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालवलेल्या शोधगंगेवर देशभरातील प्रबंधही असेच घरबसल्या वाचता येतात. पण याच व्यवस्थेत एक विचित्र अंतर निर्माण झाले आहे. परदेशात गेल्या महिन्यात छापलेला लेख माझ्या विद्यार्थिनीला दोन मिनिटांत मिळू शकतो, आणि पुण्यात शतकापूर्वी छापलेले, तिच्यापासून पन्नास पावलांवर उभे असलेले मराठी पुस्तक मात्र तिला सापडत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्ताने जे काही करण्याचे आपण योजले असेल, त्यात मराठी ग्रंथांच्या देवनागरी नोंदींचे काम पहिले असावे, असे मला कळकळीने वाटते.

पुण्यापुरते आणखी एक सुचवते. या शहरात काही किलोमीटरच्या अंतरात गणेशखिंडीतील जयकर ग्रंथालय, येरवड्याचे डेक्कन कॉलेज, विधी महाविद्यालय रस्त्यावरील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था, गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आणि सदाशिव पेठेतील, १९१० साली खुद्द राजवाड्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ, असे ग्रंथसंग्रह आहेत. या सगळ्यांत एखादे पुस्तक कुठे आहे हे पाहण्यासाठी मला आजही एकेक ठिकाण वेगळे धुंडाळावे लागते. या संस्था वेगवेगळ्या व्यवस्थापनांखाली आहेत आणि सगळ्यांवर आपला अधिकार चालत नाही, याची मला कल्पना आहे. तरीही एकत्रित तालिका आणि आठवड्यातून एकदा या ग्रंथालयांत फिरणारी, मागणीप्रमाणे पुस्तके नेणारी-आणणारी एक गाडी, एवढ्या दोन गोष्टींसाठी आपल्या विभागाने पुढाकार घेतला, तर कोणी नाही म्हणेल असे वाटत नाही. आंतरग्रंथालयीन देवघेव हा शब्द ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परीक्षेसाठी पाठ करावा लागतो. तो प्रत्यक्षात चालताना पाहण्याची संधी मात्र फार थोड्यांना मिळते.

हे सारे करायला माणसे लागतील. ग्रंथपालांच्या आणि साहाय्यक ग्रंथपालांच्या रिकाम्या जागांविषयी आपल्याकडे निवेदने आलेलीच असतील, म्हणून ते पुन्हा उगाळत नाही. एवढेच म्हणते की नोंदी दुरुस्त करण्याचे काम पुन्हा नोंदीमागे दर ठरवून कंत्राटाने देऊ नये. ज्याला पुस्तक उघडून त्याचे शीर्षकपान वाचता येते, 'खंड', 'भाग' आणि 'आवृत्ती' यांतला फरक कळतो, अशाच माणसाकडे ते द्यावे. ग्रंथालयशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी पुण्यात आहेत. त्यांना मानधन देऊन, अनुभवी ग्रंथपालांच्या देखरेखीखाली हे काम सोपवता येईल. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतील चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवावा असे सांगते. या विद्यार्थ्यांनी ते पहिल्याच वर्षी शिकलेले असते.

आपण पुण्यातील विद्यापीठांच्या ग्रंथपालांची एखादी बैठक बोलावणार असाल, तर मला त्या बैठकीत अर्धा तास द्यावा, ही विनंती. गेल्या वर्षभरात मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी एक वही ठेवली आहे. फळीवर असलेल्या पण संगणकावर न सापडलेल्या त्र्याहत्तर मराठी पुस्तकांची तीत नोंद आहे. मुखपृष्ठावर नाव कसे छापले आहे, तालिकेत ते कसे लिहिले आहे आणि विद्यार्थ्याने ते कसे लिहून शोधले, हे तीन रकान्यांत समोरासमोर मांडले आहे. ती वही घेऊन मी येईन.

आपली नम्र,
पुण्यातील इतिहासाची एक प्राध्यापिका