जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायच्या आधी टास्क मॅनेजर उघडून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून आमच्या विक्रोळीत एक प्रकार फार वाढलाय. घरातला जुना डेस्कटॉप स्लो झाला, आतला पंखा सारखा घरघरायला लागला की माणूस तो उचलून दुकानात नेतो, दुकानदार स्क्रीनवर सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, १०० टक्के दाखवतो आणि सांगतो, प्रोसेसर गेला, यात आता काही राम नाही, नवीनच घ्या. आणि लोक घेतात, हप्त्यावर घेतात, मुलाच्या फीचे पैसे बाजूला ठेवलेले असतात ते मोडून घेतात. मी कन्नमवार नगरात टायपिंगचा क्लास चालवते, मराठी ३० आणि ४० च्या परीक्षेला बसणारी मुलं येतात, माझ्याकडची मशीन सगळी जुनी आहेत, काही कोअर टू ड्युओ प्रोसेसरची, काही दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनची आय थ्री, आणि ती रोज सकाळपासून रात्रीपर्यंत चालतात. म्हणून हे पत्र लिहावंसं वाटलं.

पहिली गोष्ट म्हणजे प्रोसेसर वयाने हळू होत नाही. तो एकतर चालतो नाहीतर बंद पडतो. तो १०० टक्के आकडा तब्येतीचा नाहीच, त्या क्षणी तो किती वेळ कामात अडकलाय एवढंच तो सांगतो. मग प्रश्न एकच उरतो, कोणाच्या कामात? आणि याचं उत्तर तो आकडा दाखवणाऱ्या टास्क मॅनेजर नावाच्या खिडकीतच लिहिलेलं असतं, फक्त कोणी खाली बघत नाही.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. छोटी खिडकी आली तर खाली मोअर डिटेल्स आहे त्यावर क्लिक करा, मग सीपीयू असं लिहिलेल्या रकान्याच्या डोक्यावर क्लिक करा म्हणजे सगळ्यात जास्त खाणारा वर येतो. हे मशीन चालू केल्या केल्या बघू नका, पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, कारण सुरुवातीला सगळेच एकदम धावत असतात. आणि एक बारकी गोष्ट, दोन कोअरच्या, म्हणजे एका वेळी दोन कामं करणाऱ्या, मशीनवर एखादा प्रोग्रॅम एकाच जागी अडकून बसला तर तो बरोब्बर ५० टक्क्याच्या आसपास दिसतो, चार धाग्यांच्या (थ्रेडच्या), म्हणजे एका वेळी चार कामं धरणाऱ्या, आय थ्रीवर २५ च्या आसपास. आकडा असा एका जागी खिळलेला दिसला की समजायचं कोणीतरी एकटाच गोल गोल फिरतोय. डिटेल्सच्या टॅबमध्ये सिस्टिम आयडल प्रोसेस ९० टक्के दिसली तर मात्र अजिबात घाबरू नका, तो रिकाम्या वेळेचा आकडा आहे. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांना हीच ओळ दाखवून एकाने व्हायरस काढायचे पैसे घेतले, ते ऐकून मला खरंच फार वाईट वाटलं.

आता आपल्याकडची खरी गोची सांगते. मुंबईतल्या घरात कॉम्प्युटर तासभर लावतात, काम झालं की शटडाऊन, आणि मग भिंतीवरचं बटणही बंद, कारण लाइट बिल. पण विंडोजने स्वतःच्या साफसफाईची वेळ ठरवलेली असते रात्री २ ची, अँटीव्हायरसचं स्कॅन, फाइलींची सूची, अपडेटची जुळवाजुळव हे सगळं मशीन रिकामं असताना उरकायचं असं त्याचं गणित. रात्री मशीन बंदच असल्यामुळे ते काम साचत जातं आणि तुम्ही संध्याकाळी मुलाचा फॉर्म भरायला बसलात की ते सगळं त्याच वेळी सुरू होतं, तुम्ही कंटाळून परत बंद करता, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच पहिल्यापासून. वर्षानुवर्षं हे चालू असतं. अशा वेळी यादीत वर नावं दिसतात ती विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर, अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल, सर्च इंडेक्सर, मायक्रोसॉफ्ट कम्पॅटिबिलिटी टेलिमेट्री ही. ही सगळी विंडोजचीच माणसं आहेत, त्यांना एंड टास्क करून काही होत नाही, थोड्या वेळाने परत येतात. उपाय असा की एखाद्या रविवारी मशीन सकाळी लावा, स्लीपची सेटिंग बंद करा, नेट चालू ठेवा आणि दिवसभर त्याला हात लावू नका. मी क्लासमध्ये हेच करते. संध्याकाळपर्यंत बऱ्याच मशीनचा आकडा ५-१० वर येऊन बसतो, एक रुपया खर्च न करता.

घरात दोन-दोन अँटीव्हायरस असतात तेही बघा, एक मशीनबरोबर आलेला, दुसरा कोणीतरी इन्स्टॉल करून दिलेला, दोघं एकमेकांच्या फाइली तपासत बसतात. एकच ठेवा. आणि ते स्पीड वाढवून देणारे, रजिस्ट्री साफ करणारे फुकटचे प्रोग्रॅम काढूनच टाका, स्टार्टअपच्या टॅबमध्ये जाऊन नको ते डिसेबल करा.

ब्राउझरचं वेगळं प्रकरण आहे. यूट्यूब बरेच व्हिडिओ व्हीपी ९ नावाच्या प्रकारात पाठवतं, नवीन मशीनमध्ये तो उलगडायला ग्राफिक्सचा भाग असतो पण दहा-बारा वर्षं जुन्या मशीनमध्ये तो नसतो, मग सगळं ओझं प्रोसेसरवर. मुलगा दहावीचं लेक्चर १०८० वर लावतो आणि मशीन गुदमरतं. ४८० वर आणा, फरक लगेच दिसेल, फळ्यावरचं वाचता येतं तेवढ्यात. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं तर कोणती टॅब किती खातेय तेही कळतं. एखादी साधी दिसणारी साइट उघडली की आकडा चढतो आणि बंद केली की उतरतो असं झालं तर ती साइट तुमच्या मशीनवर स्वतःचं काम करून घेतेय असा संशय घ्या, २०१७ ते २०१९ मध्ये कॉइनहाइव्ह नावाची एक सेवा होती, ती साइटवर आलेल्या लोकांच्या प्रोसेसरवर मोनेरो हे डिजिटल चलन काढायची. ती बंद झाली पण तशी चोरी बंद नाही झाली. सर्व्हिस होस्ट असं नाव दिसलं आणि सारखं वर राहिलं तर राइट क्लिक करून ओपन फाइल लोकेशन बघा, खरा सर्व्हिस होस्ट विंडोजच्या सिस्टिम ३२ (क्वचित SysWOW64) फोल्डरमध्येच असतो, डाउनलोडमधून किंवा टेम्पमधून चाललेला असेल तर तो खोटा आहे. अशा मशीनवरून बँकेचं काही करू नका, आणि कोणी फोन करून तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय आम्ही लांबून दुरुस्त करतो म्हणालं तर फोन ठेवा, पैसे गेलेच तर १९३० वर लगेच कळवा.

आता उष्णता. हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय कारण मुंबईत हे सगळीकडे आहे आणि याकडे कोणाचंच लक्ष नसतं. आपल्या घरांत कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या खणात डबा (कॅबिनेट) कोंबलेला असतो, मागून भिंत, बाजूने फळी, वर देवघरातल्या उदबत्तीची राख, पंख्याची धूळ, आणि दमट हवेने ती धूळ चिकट होते. प्रोसेसरवर उष्णता बाहेर टाकणारा धातूचा हीट सिंक असतो, त्याच्या पात्यांमध्ये तिचा गालिचा तयार होतो. हवा जात नाही, प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. वेग कमी झाला की तेच काम उरकायला जास्त वेळ लागतो, आणि म्हणून मशीन अडकल्यासारखं वाटतं. ओळखायचं कसं तर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये स्पीड आणि बेस स्पीड असे दोन आकडे असतात, मशीन भरपूर कामात असतानाही स्पीड बेसच्या खूप खाली राहिला तर आधी डबा उघडा. भांडुपच्या एका घरी बघायला गेले होते, ३ गिगाहर्ट्झच्या जवळपासचं मशीन १ च्याही खाली चाललं होतं, घरात नवीन लॅपटॉपचं कोटेशन आणून ठेवलेलं. प्लग काढला, पंख्याचं पातं बोटाने धरून ब्लोअर मारला, हीट सिंक उतरवून प्रोसेसरची उष्णता हीट सिंककडे नेणारी, पण जुनी वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट पुसून नवीन लावली, आणि डबा खणातून बाहेर काढून टेबलाच्या बाजूला ठेवायला सांगितला. मशीन अजून चालू आहे, त्याच्यावरच त्यांच्या मुलीने यंदा सीईटीचा फॉर्म भरला. थर्मल पेस्टची ट्यूब लॅमिंग्टन रोडला अगदी स्वस्तात मिळते.

सिस्टिम इंटरप्ट्स नावाची ओळ काही टक्क्यांच्या वर सतत राहिली तर मात्र हार्डवेअर किंवा ड्रायव्हर बघायला हवा, यूएसबीला लावलेल्या वस्तू एकेक काढून बघा, बऱ्याचदा जुना वेबकॅम किंवा डोंगलच निघतो. आणि सीपीयू नाही, डिस्क १०० टक्के असेल तर तो वेगळा आजार, तिथे एसएसडी ही वेगवान डिस्क टाकल्याने खूप फरक पडतो. पण सीपीयूच्या तक्रारीवर एसएसडी विकणं बरोबर नाही, तसंच काही न बघता फॉरमॅट मारणंही बरोबर नाही. फॉरमॅटने चार दिवस बरं वाटतं, घरातले फोटो जातात, मराठी फॉन्ट जातात, आणि मूळ कारण धुळीत तसंच बसून राहतं.

नवीन मशीन कधीच घेऊ नका असं मी म्हणत नाही. विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या जनरेशनच्या आधीच्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही, कोअर टू ड्युओवर तर २४ एच २ ही आवृत्ती सुरूच होत नाही. विंडोज १० वरच राहणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टने घरगुती मशीनना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची सोय दिली, सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन नाव नोंदवावं लागतं, ते बघून घ्या. त्यानंतर ज्यांना फक्त टायपिंग, मेल आणि व्हिडिओ हवेत त्यांनी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही सिस्टिम लावून बघावी, फुकट आहे आणि मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड त्यातही चालतो. पण हा निर्णय सपोर्टचा आहे, प्रोसेसर गेला म्हणून घ्यायचा निर्णय नाही. दोन्ही एकत्र करून गिऱ्हाइकाला घाबरवणं थांबलं पाहिजे.

आपल्या पेपरात नवीन मोबाइल आणि लॅपटॉपची ओळख नेहमी येते. तिथेच महिन्यातून एकदा जुन्या मशीनसाठी थोडी जागा द्यावी ही विनंती, चित्रासकट, मोठ्या टायपात, कारण हे वाचणाऱ्यांत आजी-आजोबा खूप आहेत. आणि वाचकांना एक सांगणं, मशीन दुकानात नेलंत तर तीन गोष्टी पावतीवर लिहून मागा: यादीत सगळ्यात वर कोणाचं नाव होतं, त्याचे टक्के किती होते, आणि डबा उघडून साफ केला का. हे लिहून द्यायला जो तयार नसेल त्याच्याकडे मशीन ठेवून येऊ नका.

आपली,
एक वाचक, कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई