किती फुटांना कोणती गल्ली?

महोदय,

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा साडेसत्तावन्न फुटांवर गेली. आम्ही कर्नाळ रस्त्याला राहतो. फुटांचे आकडे रात्रभर कानावर येत होते, पण आमच्या उंबऱ्याला पाणी कितव्या फुटाला लागते हेच ठाऊक नव्हते. शेवटी आईला पाठुंगळी घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून काढले.

नकाशावरची निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून. बांधकामासाठी ती ठीक. घर कधी सोडायचे ते तीतून कळत नाही. ड्रोनने गल्लीगल्लीची उंची मोजून पुलाजवळच्या 40 फुटांपासून दर फुटाला कोणत्या गल्लीत पाणी येते याचा नकाशा करावा आणि ते आकडे विजेच्या खांबांवर रंगवावेत. आमच्या गल्लीतल्या कित्येक म्हाताऱ्यांकडे मोबाइल नाही.

– एक पूरग्रस्त, सांगली