बोटावरची पट्टी सुटली, मॅडम

नमस्कार डॉक्टर मॅडम,

दिवाळीनंतर एका संध्याकाळी पुठ्ठ्याच्या खोक्यातून बुंदी नावाची गिनीपिग घेऊन आलेली बाई तुम्हाला आठवते का, कोण जाणे. तर्जनीला पट्टी, सोबत रडून डोळे सुजलेली तिसरीतली मुलगी. "ही चावते हो, आणि दुकानदार परत घेत नाही," असं मी दारातूनच सुरू केलं होतं.

तुम्ही म्हणालात, "कशी उचलता, ते दाखवा आधी." मी खोक्यात वरून हात घातला, तसं तुम्ही मला थांबवलंत. "वरून येणारा हात म्हणजे हिच्या लेखी घार." खरं सांगते, रागच आला. चावली ती आणि चौकशी माझी!

मग तुम्ही बुंदीच्या पाठीवर फुंकर मारून केस बाजूला केलेत. खाली कोंडा होता आणि खाजवून खाजवून लाल झालेली कातडी. तिथलं थोडं खरवडून काचेवर घेतलंत आणि सूक्ष्मदर्शकासमोर आधी माझ्या मुलीला बसवलंत. "आई, याला आठ पाय आहेत!" खरजेचा किडा होता तो. बुंदीच्या पाठीची आग होत होती आणि आम्ही रोज नेमका तिथंच लाडानं हात फिरवत होतो. शेजाऱ्यांनी दिलेली कुत्र्याची पावडर मी त्याच रात्री लावणार होते. ती तुम्ही पिशवीतून काढून बाजूला ठेवलीत, बुंदीचं वजन करून इंजेक्शन दिलंत आणि पुढच्या खेपांच्या तारखा लिहून दिल्यात.

हळू कुरतडणं वेगळं, हेही तुमच्याकडूनच कळलं. कोथिंबीर निवडून तसाच हात मी पिंजऱ्यात घालायचे. तिला बोट म्हणजे काडीच वाटायची. आता आधी साबणानं हात धुते. दात कटकट वाजवले की दूर राहायचं, डोक्यानं हात ढकलला की खाली सोडायचं. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि बसायचं जमिनीवरच. मांडीवर आपला सोलापुरी टॉवेल. त्यात ती अशी शिरते, की नुसतं नाक बाहेर!

माणसासारखंच यांच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, हे ऐकून घरातले सगळे चकित झाले. ते कमी पडलं की हिरड्या आणि सांधे दुखतात, मग उचललं तरी चावतात, असं तुम्ही सांगितलंत. आता रोज ढोबळी मिरचीची फोड ठरलेली, अधूनमधून पेरूचा तुकडा. गवत मात्र दिवसभर समोर हवंच, कारण दात जन्मभर वाढत राहतात. लसूणघास सहज मिळतो म्हणून मी तोच घालत होते. पूर्ण वाढ झालेल्या गिनीपिगला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं म्हणून तुम्ही तो बंद केलात. आता सासूबाई हरळी धुऊन, निथळून ठेवतात. सुरुवातीला "उंदीर पाळलाय" म्हणायच्या त्याच.

दुकानदार म्हणाला होता, उन्हाचं काही नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या थंड डोंगरातलं जनावर ते, आणि आपल्याकडचा मे महिना! पिंजरा आता आतल्या खोलीत फरशीवर आहे आणि दुपारी शेजारी टॉवेलात गुंडाळलेली बर्फाच्या पाण्याची बाटली असते.

गेल्या सात आठवड्यांत एकही चावा नाही. बोटावर पांढरी रेघ तेवढी उरलीय.

एकटी ठेवू नका म्हणाला होतात, म्हणून जोडीला दुसरी मादी बघतोय. या वेळी दुकानातून थेट तुमच्याकडे आणू, घरी नंतर.

आपली,
जुळे सोलापुरातली बुंदीवाली