तोया सरोवराकाठच्या अनोळखी माणसांचे आभार

जपानमधल्या होक्काइदो बेटावर तोया सरोवराकाठी एका र्‍योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी पाहुणघरात, आम्ही मायलेकी दोन रात्री राहिलो. नावं कुणाचीच विचारली नाहीत, म्हणून हे आभार बिनपत्त्याचे.

आधी त्या बसचालकाचे. आईची औषधांची पिशवी सीटवर राहिली होती, ती तासाभरात र्‍योकानच्या दारात हजर!

मग जेवण वाढणाऱ्या ताई. आई माळकरी. मासे नकोत म्हटलं की झालं, असं मला वाटलेलं. पण तिथल्या साध्या सूपातही बहुतेकदा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. ताईंच्याच ते लक्षात आलं. वाटी परत नेली आणि कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या पाण्यात केलेलं नवं सूप आणलं. आईने झाकण उचलून आधी वास घेतला, मगच हसली.

सगळ्यात मोठं ऋण त्या आजींचं. र्‍योकानच्या गरम झऱ्याच्या कुंडात सगळ्या बायकांसोबत विवस्त्र उतरायचं म्हटल्यावर आई दारातच थिजली. आजींनी बुटकं स्टूल पुढे सरकवलं, आधी अंग कसं स्वच्छ धुवायचं ते करून दाखवलं आणि छोट्या टॉवेलची घडी आईच्या डोक्यावर ठेवली. टॉवेल पाण्यात बुडवायचा नसतो. (मी बुडवला होता. त्या काही बोलल्या नाहीत.) १९१० साली उसू ज्वालामुखी भडकला, त्यानंतर हे झरे सापडले, त्याच पाण्यात आईचे गुडघे शेकले. रात्री सरोवरावर आतषबाजी सुरू झाली, तेव्हा दोघी शेजारी बसून नुसत्या 'आऽ' आणि 'ओऽ' करत होत्या.

आजी, तो टॉवेल आता आमच्या पुण्याच्या कपाटात आहे, तुम्ही घातलेल्या घडीसकट.