साहेब दिल्लीला गेलेत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

वकिली आणि खासदारकी यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख काल सावकाश वाचला. लेखकाचे वाचन दांडगे आहे, यात वाद नाही. वकील मुळातच कायदेमंडळासाठी घडलेला असतो, युक्तिवादाची सवय त्याला लोकसभेत उपयोगी पडते, रोज गोरगरीब पक्षकारांत वावरल्यामुळे जनतेची नाडी त्याला अचूक कळते, वगैरे. हे शेवटचे वाक्य मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. वाक्य तेच होते.

पुण्याची परंपरा सांगितली आहे ती खरीच. काका गाडगीळ वकील, विठ्ठलराव बॅरिस्टर, मोहन धारियाही वकील. (जाता जाता: काकांच्या नावाखाली फोटो विठ्ठलरावांचा छापला आहे. पुण्यातल्या वर्तमानपत्राने बापलेकांत गल्लत करावी, याला काय म्हणावे?) पण ही माणसे वकिलीच्या जोरावर निवडून आली, हे कुठून काढले? काका स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेले, नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात बसले, आणि १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत नानासाहेब गोऱ्यांनी त्यांना पुण्यातच पाडले. वकिलीची सनद तर तीच होती ना? धारियांना पुणेकरांनी १९७१ ला काँग्रेसचे म्हणून निवडून दिले आणि १९७७ ला काँग्रेसच्या विरोधात. मधल्या काळात, १९७५ साली, जयप्रकाशांशी बोलणी करा असे म्हणाल्यामुळे त्यांचे मंत्रिपद गेले होते. लोकांच्या लक्षात राहिले ते हे. त्यांनी कोर्टात किती दावे जिंकले, हे कोणी विचारायला गेले नाही.

आणि बाबासाहेबांहून मोठा कायदेपंडित कोण दाखवणार? ते १९५२ ला उत्तर मुंबईत हरले, १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत हरले. १९७७ ला मुंबईत राम जेठमलानींनी खुद्द कायदामंत्री एच. आर. गोखले यांना पाडले. दोघेही कायद्याचीच माणसे. तिथे मत आणीबाणीवर पडले, युक्तिवादावर नव्हे. उज्ज्वल निकम यांचे उदाहरण तर लेखकाने अर्धेच सांगितले आहे. ते २०२४ ला मुंबई उत्तर मध्य मतदारसंघात १६ हजार ५१४ मतांनी हरले, आणि जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली. मान मोठाच आहे, पण त्यासाठी कुणाच्या बोटाला शाई लागलेली नाही.

असो. मला सांगायचे आहे ते वेगळेच. वकील संसदेच्या वाटेला लागतो तेव्हा मागे कोर्टात काय होते, यावर त्या दोन पानांत एक ओळ नाही.

आमचा वाड्याच्या वाटपाचा दावा आहे. न्यायप्रविष्ट असल्याने खोलात जात नाही. समोरच्या पक्षाचे वकील नावाजलेले. आमचे एक साक्षीदार आहेत, वाड्यातले जुने भाडेकरू, वडिलांचे मित्र. वरचा मजला कुणी चढवला, पैसे कुणी मोजले, हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस तेवढा एकच उरला आहे. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या सरतपासणीचे, म्हणजे आमच्या बाजूने द्यायच्या साक्षीचे, प्रतिज्ञापत्र दाखल झाले, राहिली ती उलटतपासणी. ती समोरच्या वकीलसाहेबांनी घ्यायची. आणि नेमके २०२३ च्या अखेरीस साहेबांना लोकसभेचे वेध लागले.

आधी पक्षाच्या कायदा विभागाची बैठक. मग निरीक्षक आलेत. मग इच्छुकांच्या मुलाखती. मग ‘साहेब दिल्लीला गेलेत’. दर तारखेला त्यांची ज्युनिअर मुलगी मुदतीचा अर्ज घेऊन उभी. तिला दोष देत नाही, तिला आत काय चालले आहे तेही माहीत नसायचे. न्यायाधीश अर्जाकडे बघायचे, आमच्या म्हाताऱ्या साक्षीदाराकडे बघायचे, आणि पुढची तारीख पडायची. एकदा तारीख लांबवल्याबद्दल पाचशे रुपये कॉस्ट, म्हणजे दंड, बसली, तीही त्या मुलीने स्वतःच्या पर्समधून काढून भरली. आणि आमचे गृहस्थ? सकाळी अंघोळ करून, कोट चढवून, जुन्या भाडेपावत्यांची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसलेले. ‘काय रे, आज माझा नंबर आहे ना?’ दुपारी त्यांना रिक्षात बसवून पेठेत परत.

आमच्या वकिलांनी मग अर्ज दिला की कोर्टाने आपला माणूस, म्हणजे कमिशनर, नेमून साक्ष घरीच नोंदवावी. तर त्या अर्जावर ‘से’, म्हणजे आपले लेखी म्हणणे, द्यायला साहेबांना सवड नाही! तो अर्ज तसाच पडून राहिला. १३ मे २०२४ ला पुण्याचे मतदान झाले. साहेबांना तिकीट कुठलेच मिळाले नव्हते, तरी ते प्रचारात होतेच, कारण तिकीट मिळालेल्याच्या गाडीवर दिसले नाही तर पुढच्या खेपेला यादीतून नाव जाते म्हणे. मग विधानसभा आली. आज आमचे साक्षीदार मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारतात. त्यांना आता पिंजऱ्यात उभे करण्यात अर्थ नाही. आणि ज्याची उलटतपासणीच झाली नाही अशा प्रतिज्ञापत्राला किती वजन असते, हे लेखक महाशय वकील असतील तर त्यांना मी सांगायला नको.

कायदा काय म्हणतो तेही या निमित्ताने वाचून काढले. निवृत्त माणसाला वेळ असतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १७ म्हणतो की दाव्याच्या सुनावणीत एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत, आणि वकील दुसऱ्या कोर्टात गुंतला आहे हे कारण चालणार नाही. प्रचारात गुंतला आहे, याबद्दल त्यात अक्षर नाही. हे कायदा करणाऱ्यांना सुचले नसावे. सुचणार तरी कसे, कायदे करायला बसलेल्यांत वकील काही कमी नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये सांगून टाकले आहे की खासदार-आमदारांना वकिली करता येते. बार कौन्सिलचा नियम ४९ पूर्ण वेळ पगारी नोकराला वकिली करू देत नाही, पण लोकप्रतिनिधी हा कुणाचा नोकर नाही, म्हणून तो नियम त्याला लागू नाही. मार्च २०२५ मध्ये खासदारांचे वेतन महिना १ लाख २४ हजार रुपये झाल्याचे जाहीर झाले, तरी ते नोकर नाहीतच. निकाल बरोबरच असणार, मी घटनातज्ज्ञ नव्हे. माझी शंका साधी आहे. नोकर नाही, पूर्ण वेळही नाही, तर मग आमच्या तारखेला हा माणूस हजर का नाही?

ज्याला निवडणूक लढवायची त्याने खुशाल लढवावी. पंचवीस हजार अनामत भरावी, ९५ लाखांपर्यंत खर्च करावा. पण अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात गुन्हे लिहून देता, मालमत्ता, कर्जे लिहून देता, तशी आपल्याकडची चालू वकीलपत्रे कुणाकडे सोपवली हेही लिहून द्यायला काय हरकत आहे? अर्थात आमच्या साहेबांना तेही लागू झाले नसते. त्यांनी अर्ज भरलाच नव्हता. ते नुसते ‘तयारीत’ होते. या तयारीवाल्यांचे काय करायचे, हे बार असोसिएशनने ठरवावे. त्यांच्या स्वतःच्या निवडणुका आटोपल्या की.

आणखी एक. इतके कायदेपंडित असलेल्या या शहराला खासदारच नव्हता, याची आठवण कुणाला आहे का? आमचे खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ ला वारले. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची, असे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १५१-अ सांगते. मुदत वर्षापेक्षा कमी उरली असती तर गोष्ट वेगळी, पण उरली होती ती वर्षाहून जास्त. निवडणूक आयोगाने अडचणी सांगितल्या. उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये निवडणूक घ्या म्हटले, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि तेवढ्यात सार्वत्रिक निवडणूकच आली. म्हणजे पुण्यालाही तारीखच मिळाली. यावर मी तेव्हाही आपल्याला पत्र लिहिले होते, ते छापले गेले नाही.

हे पत्र लांबले आहे, जागेअभावी कापावे लागेल. कापायचेच झाले तर गाडगीळ, धारिया, जेठमलानी सगळे कापा, साक्षीदाराचा मजकूर तेवढा राहू द्या.

आपला नियमित वाचक,
सदाशिव पेठ, पुणे
(नाव व पत्ता सोबत जोडला आहे. कृपया छापू नये. पुढच्या महिन्यात तारीख आहे.)