बॉनेटवरचे फोड

डेट्रॉइट

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

रविवारी फोनवर आवाज तुटत होता, त्यामुळे गाडीचं धड सांगताच आलं नाही. आई, तू म्हणालीस रंगासाठी एवढी उठाठेव कशाला, आणि बाबांचं म्हणणं, जुनी गाडी घेतली की हे चालायचंच. म्हणून सविस्तर लिहितेय.

बॉनेटच्या पुढच्या कडेला, जिथे बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो, तिथे रंगाखाली तांदळाच्या कणीएवढे फोड आलेत. काही फोडांपासून केसासारख्या बारीक, वेड्यावाकड्या रेषा रंगाखालून पुढे सरकल्यात. एक टवका नखाने काढला तर आतून पांढरी भुकटी निघाली. बाबा, तुम्ही विचारलंत गंज लाल कसा नाही. बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे, लोहचुंबक चिकटत नाही. स्पोर्ट्स कारचं वजन कमी ठेवायला असे पत्रे वापरतात. त्याचा गंज पांढरा असतो, मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो आणि रंगाला खालून उचलतो.

मूळ कारण मीठ. या शहराच्या खाली सुमारे १,२०० फुटांवर मिठाची खाणच आहे, आणि हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठच मीठ. ते पाणी त्या दुमडीत जाऊन बसतं. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत आपल्या खिडक्यांच्या गजांचं जे होतं, तेच.

आता वॉरंटी. इथे बऱ्याच कंपन्यांची साधी वॉरंटी ३ वर्षं किंवा ३६,००० मैल, जे आधी संपेल ते. गंजाची वेगळी असते, अनेकदा ५ वर्षांची. गाडी विकली तरी ती सहसा गाडीबरोबर जाते, पण वर्षं मोजायची पहिल्या मालकाने गाडी घेतली तेव्हापासून. माझी गाडी चार वर्षांची, म्हणजे साधी संपलेली, गंजाची चालू. पण तिच्यात अट अशी की पत्र्याला आरपार भोक पडलेलं हवं. ॲल्युमिनियमचा रंग आधी सुटतो, भोक पडायला कितीतरी वर्षं जातात, तोवर वॉरंटी कुठली उरायला! हा सरळ अन्याय आहे, आणि मी सर्व्हिस सेंटरमध्ये तसं स्पष्ट बोलले.

काम झालं ते कागदांमुळे. आधीच्या मालकाच्या सर्व्हिसिंगचे कागद मी मागवून घेतले. त्यात तीन वर्षांच्या आतलीच नोंद सापडली: बॉनेटच्या कडेला रंग फुगतोय. म्हणजे साधी वॉरंटी चालू असतानाच तक्रार झाली होती, आणि कोणी काही केलं नव्हतं. मग त्यांनी मीटर लावून रंगाची जाडी मोजली. सगळीकडे १२० मायक्रॉनच्या आसपास भरली, म्हणजे रंग कारखान्यातलाच. मधे कोणी बाहेर रंगवून घेतलं असतं तर बोलणंच खुंटलं असतं. आणि बाबा, मी ऑइल बाहेरच्या गॅरेजमध्ये बदलते याची तुम्हाला धास्ती होती ना? तेवढ्या कारणावरून वॉरंटी नाकारता येत नाही, १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे त्यासाठी.

शेवटी कंपनी नवीन बॉनेट देतेय, रंगाची अर्धी मजुरी माझ्याकडे. पूर्ण खर्च त्यांनीच करायला हवा होता असं मला अजूनही वाटतं. जुनंच घासून रंगवून देतो म्हणत होते, त्याला मी ठाम नकार दिला. दुमडीच्या आतल्या मिठापर्यंत पॉलिशपेपर पोचत नाही, फोड परत येतातच. रंगकामासाठी जागाही पाहून निवडलीय, ॲल्युमिनियम घासायची हत्यारं त्यांनी वेगळी ठेवलीत. लोखंडावर फिरवलेली चकती इथे वापरली तर लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि तिथून पुन्हा सुरुवात होते.

आई, विकून टाक म्हणू नकोस. कॉलेजपासून मनात होती ही गाडी, स्वतःच्या पैशाने घेतलीय, आणि ती नीट राहावी असं मला फार वाटतं. सगळ्या पावत्या आणि फोटो बाबांच्या पद्धतीने तारीखवार फाइलला लावलेत.

बाबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच कळवा, मी रजा टाकते. मे महिन्यात इकडे याल तेव्हा रस्ते स्वच्छ असतील. गाडीत सीट दोनच, त्यामुळे पहिली फेरी आईची, मग तुमची.

तुमची,
लेक